बोरूबाबांचं टोपलं

एक होते मौलवी. राजा नाही, प्रधान नाही, राक्षस तर मुळीच नाही. तोंडं वाकडी करू नका. राजाच्या गोष्टी ऐकून ऐकून तुम्ही सकाळी राजासारखे लोळत पडता, म्हणून आज मौलवी. पाय आत घ्या. गोधडी एकट्यानं ओढायची नाही, सांगून ठेवते.

ही गोष्ट मला माझ्या नानीनं सांगितली. तिला तिच्या नानीनं. मी त्यात माझ्या पदरचं काही घातलेलं नाही. चिमूटभर मीठ पडलं असेल, तेवढं चालतं.

तर काय, नदीकाठी एक गाव होतं. नाव नाही सांगत. नाव सांगितलं की उद्या सकाळी 'तिथं ने' म्हणून डोकं खाल. नदीच्या कडेला बोरूची बेटं होती, माणूस आत शिरला तर दिसू नये एवढी उंच. बोरू म्हणजे काय ठाऊक आहे ना? वेताच्या काडीसारखी काडी. ती चाकूनं तासायची, टोक काढायचं, शाईत बुडवायचं आणि लिहायचं. तुमच्यासारखी बटण दाबून टकटक करणारी पेनं नव्हती तेव्हा.

त्या गावात हे मौलवी राहायचे. नाव शेख अझीमुद्दीन. एवढं लांबलचक नाव गावाच्या तोंडात मावेना. सदा न् कदा हातात बोरू आणि चाकू. मग लोकांनी नाव ठेवलं, बोरूबाबा. विद्वान असे, की दूरदूरची माणसं अडलेला प्रश्न घेऊन यायची. सरळ असे, की लग्नात जहेज, म्हणजे हुंडा, मागणाऱ्याच्या घरचा पुलाव तोंडात घालायचे नाहीत. पुलाव, बरं का! तुम्ही सोडाल?

आणि गाणी रचायचे. लिहिता लिहिता मध्येच गुणगुणायचे. एक ओळ तर त्यांना तरुणपणीच सुचली होती:

तासता तासता बोरू, माझा मीपणा तासला...

पण पुढची ओळ काही सुचेना. शंभरदा लिहिली, शंभरदा खोडली. अर्धं गाणं तसंच लोंबकळत राहिलं.

आता टोपल्याची गोष्ट. बाबा शिकून घरी निघाले तेव्हा त्यांच्या पीरांनी, म्हणजे गुरूंनी, त्यांना एक बांबूचं मोठं टोपलं दिलं. रिकामं. म्हणाले, "अझीम, बोरू तासशील त्याच्या ढलप्या ह्यात टाक. बोरूनं अक्षर लिहायचं असतं, त्याची ढलपी पायाखाली येऊ द्यायची नाही. टोपलं भरलं की तुला माहेरचं बोलावणं येईल. त्या ढलप्यांवर तुझ्या शेवटच्या आंघोळीचं पाणी तापेल, आणि तू अल्लामियाँच्या घरी जाशील. दुसऱ्या जळणावर तापवलेलं चालायचं नाही हं."

असे गप्प का झालात? घाबरलात? अरे, घाबरायचं काय त्यात! अशा फकिरांना हे जग म्हणजे सासर. चांगलं असतं, नांदायचं असतं, पण सासरच. आणि अल्लामियाँचं घर म्हणजे माहेर. मी नाही का, माझ्या माहेरचं नाव निघालं की दोन भाकऱ्या जास्त खाते? तसं त्यांचं. बाबांना माहेरची फार फार ओढ होती. रोज बोरू तासायचे, ढलप्या टोपल्यात टाकायचे, आणि वाकून बघायचे, किती भरलं.

बाबांची बायको जैतूनबी. तोंडानं फटकळ, मनानं खवा. ती म्हणायची, "बघा बघा. दूध उतू जातंय तिकडे बघत नाही माणूस, टोपलं बघतोय."

मग काय, वर्षांवर वर्षं गेली. बाबांनी किती किताबा लिहिल्या त्याला गणती नाही. त्यातली एक सगळ्यांत जाडी. नमाज कशी पढावी, भांडण कसं मिटवावं, पाहुण्याला काय वाढावं, सगळं तिच्यात. त्या किताबीनं बाबांचं नाव बारा गावांत झालं. पण तिच्यात एक ओळ होती: मुलींना वाचायला शिकवा, लिहायला शिकवू नका.

हो. तुझ्याकडे बघूनच सांगतेय. लिहायला आलं की पोरी कुणालाही चिठ्ठ्या धाडतील, असं त्या वेळच्या शहाण्यांना वाटायचं. शहाणे कसले, अर्ध्या हळकुंडानं पिवळे झालेले! बाबांनी ती ओळ विचार करून लिहिली नाही. आधीच्या मोठ्यांनी लिहिली होती, यांनी उतरवून घेतली. मोठी माणसंही अशी चुकतात.

वीस वर्षांनी टोपलं भरलं. अगदी शिगोशीग. आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी दारात घुंगरं वाजली. बघतात तर पांढरीशुभ्र घोडी, आणि घोडीवर हिरव्या पागोट्याचा पाहुणा. लेकीला सासरहून माहेरी न्यायला येतो ना, त्याला मुराळी म्हणतात. हा बाबांचा मुराळी.

"चला बाबा," मुराळी म्हणाला. "घरी वाट बघतायत. पाणी तापवायला सांगा. मी तोवर चिंचेखाली बसतो."

बाबांना काय करू नि काय नको असं झालं. दाढी विंचरली. धुतलेला कुडता काढला. जैतूनबीनं मुराळ्याला गूळपाणी दिलं, घोडीला हरभरे दिले आणि आत जाऊन डोळे पुसून आली. बाहेर येऊन म्हणाली, "लवकर आवरा. पाहुण्याला ताटकळत ठेवू नये."

तेवढ्यात शेजारून सुईण धावत आली. दिवस पौषाचे, आणि चार दिवस अवकाळी पाऊस कोसळत होता. गावातली लाकडं भिजली होती, गोवऱ्यांचा लगदा झाला होता. सुईण म्हणाली, "बाबा, तांबोळ्याच्या सुनेला मुलगी झाली हो. पोर गारठून निळं पडलंय. सगळ्या गावात एक चूल पेटत नाही. वाटीभर ऊन पाणी मिळालं तर जगेल."

बाबांनी टोपल्याकडे पाहिलं. सगळ्या गावात कोरडं जळण काय ते तेवढंच. मग मुराळ्याकडे पाहिलं. मुराळी चिंचेच्या शेंड्याकडे बघत बसला. हो म्हणेना, नाही म्हणेना.

वीस वर्षं. वीस वर्षं वाट पाहिलेलं माहेर दारात उभं होतं.

जैतूनबी हळूच म्हणाली, "अहो, माहेर कुठं पळून जातंय? पोर मात्र जाईल."

बाबांनी टोपलं उचललं आणि तांबोळ्याच्या चुलीपुढे रिकामं केलं.

आणि ऐका आता गंमत. ढलप्या पेटल्या आणि बोलायला लागल्या! ज्या बोरूनं जे लिहिलं, ते त्याची ढलपी बोलायची. भांडणतंट्याच्या ढलप्या तडतड तडतड. दुवा मागितलेल्या ढलप्या हळू, कानात सांगितल्यासारख्या. आणि गाण्यांच्या ढलप्या गातच जळाल्या. पाणी असं भरभर तापलं, आणि त्याला वास कसा, तर उदाचा. सुईणीनं पोरीला त्या पाण्यात धरलं. एक दोन तीन, आणि पोर ट्यांहां करून रडलं. तांबोळीण हसायला लागली, बाबाही हसायला लागले.

सगळ्या ढलप्या जळाल्या. पण एक मूठभर ढलप्या काही पेटेनात. नुसता धूर. डोळ्यांतून पाणी काढलं सगळ्यांच्या.

"तुम्ही कुठल्या गं?" बाबांनी विचारलं.

धुरातून आवाज आला, "मुलींना लिहायला शिकवू नका, असं तुम्ही लिहिलंत ना, त्या बोरूच्या आम्ही."

बाबांनी चिमट्यानं ती मूठ चुलीतून बाहेर ओढली.

मुराळी घोडीवर चढला. म्हणाला, "टोपलं परत भरा बाबा. आणि ही मूठ संभाळून ठेवा. ती स्वच्छ जळल्याशिवाय पाणी तापलं असं आमच्याकडे धरत नाहीत." आणि घुंगरं वाजवत निघून गेला.

बाबांनी ती मूठ चिंधीत बांधली आणि कोनाड्यात ठेवली. मग बसले, चाकू घेतला आणि पहिल्यापासून बोरू तासायला लागले.

त्या पोरीचं नाव ठेवलं हाजरा. आता तिनं जन्मल्या जन्मल्या अक्षरांवर तापलेल्या पाण्यात आंघोळ केलेली. ती काय साधी निघणार? पाच वर्षांची झाली आणि बाबांच्या ओसरीवर येऊन बसली. बाबांनी तिला वाचायला शिकवलं. महिन्याभरात फडाफडा वाचायला लागली. मग एक दिवस बाबांच्या हातातला बोरूच ओढला.

"दे इकडे," बाबा म्हणाले. "तुझं नाव मी लिहून देतो."

"तुम्ही कशाला? नाव माझं आहे. मीच लिहिणार."

"तू वाच ना, बेटा."

"वाचून झालं सगळं. आता लिहिणार."

तेवढ्यात कोनाड्यातली चिंधी आपोआप धुमसायला लागली. आग नाही, निखारा नाही, आणि घरभर धूर! जैतूनबी खोकत बाहेर आली. "अहो, काय ते एकदाचं करा. पोरीच्या हातात काडी द्या, नाहीतर माझा जीव जातोय."

तरी बाबांनी सात दिवस विचार केला, बरं का. विद्वान माणूस, तुमच्यासारखा पटकन हो म्हणत नाही. जुन्या किताबा काढल्या, पानं उलटली. मुलींनी लिहू नये असं अल्लामियाँनी म्हटल्याचं कुठं सापडेना. म्हटलं होतं ते माणसांनीच. आठव्या दिवशी बाबांनी एक छोटा बोरू तासला आणि हाजराच्या हातात दिला. तिनं आपलं नाव लिहिलं. वाकडंतिकडं, पण केवढं मोठं! अख्खी पाटी भरली.

गावात बोंबाबोंब झाली. गावचे खतीबसाहेब, म्हणजे जुम्म्याच्या दिवशी मशिदीत खुतबा, प्रवचन, देणारे, ते बाबांची जाडी किताब काखेत मारून आले. बोट ठेवून म्हणाले, "बाबा, हे वाचा. हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"मग?"

"मग काय, खतीबसाहेब. अक्षर चांगलं आहे, ओळ चुकीची आहे."

पुढच्या जुम्म्याला नमाज झाली आणि बाबा मशिदीच्या अंगणात उभे राहिले. हातात तीच किताब. म्हणाले, "लोकहो, ही ओळ मी लिहिली. विचार न करता लिहिली. मी चुकलो." आणि सगळ्यांच्या देखत बोरू शाईत बुडवून ती ओळ खोडली. ज्या किताबीनं नाव केलं, तीच खोडायची म्हणजे सोपं नाही रे बाळांनो. तुम्हाला साधं पाढ्यातलं चुकलेलं कबूल होत नाही.

झालं! बारा गावांचे शागीर्द, म्हणजे बाबांकडे राहून शिकणारे चेले, उठून गेले. रस्त्यात कुणी सलाम करेना. खतीबसाहेब तर समोरून आले की दुसऱ्या गल्लीत वळायचे. बाबांना वाईट वाटायचं. जैतूनबी म्हणाली, "बरं झालं. वीस माणसांची खरकटी भांडी घासून माझे हात झिजले होते. आता पोरी येतील, आपापली घासतील."

आणि आल्याच. हाजरानं आधी एक मैत्रीण आणली, मग सात आणल्या. ओसरी भरून गेली. बाबा प्रत्येकीला बोरू तासून द्यायचे, ढलप्या टोपल्यात टाकायचे आणि सांगायचे, "पोरींनो, ढलपी फेकायची नाही. तुम्हीही आपापल्या जपून ठेवा."

एकदा बाबांना वाटलं, ओळ तर खोडली, आता ती मूठ सुकली असेल. निखाऱ्यावर एक ढलपी टाकून पाहिली. धूरच. "खोडलं तरी ओलीच?" बाबांनी कपाळाला हात लावला.

बारा वर्षं गेली. टोपलं दुसऱ्यांदा भरलं. दारात घुंगरं वाजली. पांढरी घोडी, हिरवं पागोटं. "चला बाबा."

आणि त्याच दिवशी नदीला पूर आला. असा पूर, की अर्ध्या गावात पाणी. बाबांचं घर उंचावर, म्हणून सगळं गाव तिथं गोळा झालं. जळण तर काडीसुद्धा उरलं नाही, सगळं वाहून गेलेलं. खतीबसाहेब मशिदीतल्या किताबा वाचवायला गेले आणि पाण्यात सापडले. लोकांनी ओढून काढलं आणि बाबांच्या ओसरीवर आणून टाकलं. अंग लाकडासारखं ताठ, ओठ काळेनिळे. धुगधुगी तेवढी होती.

"शेकायला पाहिजे," कुणीतरी म्हणालं. आणि सगळे टोपल्याकडे बघायला लागले.

जैतूनबी कडाडली, "ह्यांच्यासाठी? ह्या माणसानं बारा वर्षांत आमच्या सलामाला उत्तर दिलं नाही! ईदला शीरखुर्मा धाडला तर वाटी तशीच परत! आणि आता ह्यांच्यासाठी आमचं..." बोलता बोलता तिनंच चुलीवर हंडा चढवला होता. अशी ती.

बाबांनी एकदाच मुराळ्याकडे पाहिलं आणि टोपलं चुलीशी नेलं.

ढलप्या पेटल्या, बोलायला लागल्या. ह्या खेपेला त्यांत पोरींचे धडे होते. अलिफ, बे, ते. आई. नदी. मीठ. माझं नाव हाजरा. खतीबसाहेब पडल्या पडल्या ऐकत होते. ऊन पाण्यानं अंग सैल झालं आणि त्यांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. उठून बसले आणि पहिलं वाक्य काय बोलले, "बाबा, माझ्या दोन नाती आहेत. त्यांना उद्यापासून पाठवतो." दुसरं वाक्य, "शीरखुर्मा आहे का?"

ती मूठ मात्र तेव्हाही धुमसलीच.

मुराळी वैतागला. म्हणाला, "बाबा, माझ्या घोडीचे नाल झिजले. मी आता जातच नाही. इथंच चिंचेखाली राहतो. टोपलं भरलं आणि ती मूठ जळली की तुम्हाला घेऊनच जाईन."

हाजरा तेव्हा सतरा वर्षांची. दाराआड उभी होती. तिनं ते ऐकलं. टोपलं भरलं की बाबा जाणार. हे ध्यानात ठेवा, बरं का.

मग मुराळी राहिला. गावाला वाटलं, असेल कुणी प्रवासी. जैतूनबी त्याला दोन वेळा भाकरी द्यायची, पोरी घोडीच्या आयाळीची वेणी घालायच्या. हाजराचं लग्न गावातच झालं. नवरा भला. ती रोज बाबांच्या ओसरीवर यायची आणि आता तीच पोरींना शिकवायची. तिच्याकडे शिकलेल्या पोरी लग्न होऊन दुसऱ्या गावी गेल्या, त्यांनी तिथल्या पोरींना शिकवलं. बाबा नुसते बोरू तासून द्यायचे.

आणि टोपलं? तेरा वर्षांत पाऊण भरलं आणि थांबलं. रोज बाबा मूठ मूठ ढलप्या टाकत होते, पण टोपलं आपलं तेवढंच. एक वर्ष झालं, दोन झाली. बाबा चक्रावले. तळ फाटलाय म्हणावं तर तळ धड.

मग एक दिवस काय झालं, बाबा दुपारी आडवे झाले होते. झोप लागली नव्हती. बांगड्या किणकिणल्या. बाबांनी एक डोळा किलकिला केला. पाहतात तर हाजरा पावलं न वाजवता आली, टोपल्यात हात घातला, मूठभर ढलप्या काढल्या, ओढणीच्या टोकात बांधल्या. मग बाबांकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते. आणि तशीच चोरपावलांनी निघून गेली.

बाबांनी डोळा मिटून घेतला. सगळं कळलं त्यांना.

संध्याकाळी जैतूनबी म्हणाली, "टोपलं भरत नाही ते कसं? उंदीर लागलाय मेला. मांजर पाळते एक."

"नको, नको," बाबा म्हणाले. "उंदीर चांगला आहे. त्याचं अक्षर फार सुंदर आहे."

मुराळ्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "बाबा, तिला एकदा रागवा ना. तुमची वाट बघून तिकडे सगळे दमले."

बाबा म्हणाले, "मुराळ्या, तू एवढ्यांना माहेरी नेलंस. लेकरू पदर सोडत नसेल तर आई कशी निघेल रे?"

मुराळी घोडीला पाणी पाजायला घेऊन गेला.

असं सात वर्षं चाललं. बाबा बोरू तासायचे, हाजरा मूठ न्यायची, बाबा डोळा मिटायचे. पहिली खेप बाळासाठी दिली, दुसरी वैऱ्यासाठी दिली. तिसरी रोज एक एक मूठ दिली, चोराला. आणि ती देणं सगळ्यांत जड गेलं, कारण बाबा आता पंचाऐंशीचे झाले होते. गुडघे वळेनात, दिसेना, पाण्याचा घोट घशाखाली उतरेना. पण हाजरा आली की हसायचे.

एका सकाळी बाबांनी चाकू हातात घेतला आणि तो गळून पडला. पुन्हा घेतला, पुन्हा पडला. बोटांना बोरू धरवेना. हाजरा समोर बसली होती. बाबांनी आपल्या बोटांकडे पाहिलं आणि लहान पोरासारखे रडायला लागले. "हाजरा," ते म्हणाले, "घरची फार आठवण येते गं."

एवढंच. टोपल्याचं नाव काढलं नाही, उंदराचं काढलं नाही.

हाजरा उठली आणि घरी गेली. दिवसभर आली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटेची फजरची नमाज झाली, फटफटलं, आणि ती आली. डोक्यावर मडकं, दोन्ही काखांत दोन मडकी. बाबांच्या पुढ्यात ठेवली. तिन्ही ढलप्यांनी भरलेली. सात वर्षांच्या.

"बाबा," ती म्हणाली, "उंदीर मीच."

"ठाऊक आहे, बेटा."

"ठाऊक होतं? मग बोलला का नाहीत?"

"तू अजून सोडत नव्हतीस. मी कसा हात सोडवून घेऊ?"

हाजरानं त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पोटभर रडली. रडू दिलं बाबांनी. मग तिनंच डोळे पुसले आणि एक एक मडकं टोपल्यात रिकामं केलं. टोपलं भरलं. पण थांबा, अजून आहे. दाराशी गलका झाला. बघतात तर पोरीच पोरी! कालचा सगळा दिवस हाजरा गावोगाव निरोप धाडत होती. लग्न झालेल्या, लेकुरवाळ्या, परकरातल्या, खतीबसाहेबांच्या दोघी नाती, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या कितीतरी. प्रत्येकीच्या ओढणीत, पदरात, आपापल्या बोरूच्या ढलप्या. कुणाच्या मूठभर, कुणाच्या चिमूटभर. टोपलं भरून सांडलं, ओसरी भरली, अंगणात ढीग लागला, पार चिंचेपर्यंत.

मुराळी उठून उभा राहिला. त्यानं एक ढलपी उचलून कानाशी धरली. ती म्हणाली, "मी आईला पत्र लिहिलं." दुसरी धरली. "मी बाळाच्या औषधाचं नाव लिहिलं." तिसरी अगदी इवलीशी. "मी मांजर लिहिलं." मुराळ्याला हसू आवरेना. म्हणाला, "बाबा, तुमच्या पीरांनी टोपलं फार लहान दिलं हो."

जैतूनबीनं हंडा चढवला. हाजरानं कोनाड्यातली चिंधी सोडली. सदतीस वर्षं धुमसलेली ती मूठ. पोरींच्या ढलप्यांची ऊब आधी तिला दिली, आणि मग काय सांगू, कापरासारखी भुर्रकन पेटली! धूर नाही, काजळी नाही. जाता जाता एवढंच म्हणाली, "सुटले बाई एकदाची!"

मग बाकीच्या ढलप्या पेटल्या. सगळं अंगण गायला लागलं. आणि त्यात हाजराच्या बोरूची ढलपी बाबांचं ते अर्धं गाणं म्हणायला लागली. पण अर्धं नाही, बरं का. पुरं:

तासता तासता बोरू, माझा मीपणा तासला,
एवढंसं उरलं टोक, त्यात धनी माझा हासला.

बाबा उठूनच बसले. "ही पुढची ओळ कुणी लिहिली?"

"मी," हाजरा म्हणाली. "कधीच लिहून ठेवली होती. तुम्हाला दाखवायची लाज वाटली."

बाबा हसले. इतके हसले की दाढी हलायला लागली. पन्नास वर्षं अडलेली ओळ, आणि ती सापडली कुठं, तर ज्या पोरीला लिहू द्यायचं नव्हतं तिच्या बोरूत. ते म्हणाले, "आता माझं इथलं सगळं लिहून झालं." मग बिस्मिल्ला म्हटलं, हाजराच्या हातावरून हात फिरवला आणि डोळे मिटले.

पाणी छान ऊन झालं होतं. उदाचा वास येत होता. आंघोळ झाली, पांढरे धुतलेले कपडे झाले. लोकांना दिसलं, बाबा झोपलेत. पण हाजराला आणि जैतूनबीला दिसलं, बाबा घोडीवर बसलेत, पाठ ताठ, गुडघे तरुण, नव्या नवरीसारखे घाईत.

मुराळी जैतूनबीला म्हणाला, "तुम्हीही चला."

"मी?" जैतूनबी म्हणाली. "एवढ्या पोरी लांबून आल्यात, त्यांना उपाशी धाडू? चुलीवर डाळ आहे. पुढच्या खेपेला ये. आणि येताना घुंगरं जरा लांबूनच वाजव, म्हणजे मला आवरायला वेळ मिळेल."

घोडी निघाली. बोरूच्या बेटावरून गेली तेव्हा सगळे बोरू सळसळले. हाजरा तिथवर पोचवायला गेली, आणि परत येऊन ओसरीवर बसली. एका चिमुरडीचा बोरू मोडला होता. तो तिनं तासून दिला.

तर त्या पाण्याचा हंडा कधी आटलाच नाही म्हणतात. गावात मूल जन्मलं की पहिली आंघोळ त्यातल्या लोटाभर पाण्यानं. बाबांचा उरूस भरला की पोरी एक एक बोरू तासायच्या आणि ढलपी टोपल्यात टाकायच्या. मुराळी न्यायला परत आला तेव्हा जैतूनबीनं त्याला 'चुलीवर डाळ आहे' म्हणत आणखी नऊ वर्षं थांबवून धरलं. बाबा आपल्या घरी सुखात, गाव आपल्या घरी सुखात, आणि आता तुम्ही आपल्या गोधडीत सुखात. मिटा डोळे.

आणि हो. उद्या पेन्सिली तासाल ना, त्या साली केरात टाकू नका. मला आणून द्या. मलाही एक टोपलं भरायचंय. घाई नाही. आणि अधूनमधून एखादी मूठ चोरलीत ना, तर मी डोळा मिटून घेईन.